युरेनियमचा बोलका दगड

खाणवाल्या साहेबांनी दगड स्टँडवर ठेवला आणि शेजारचा किरण मोजायचा मीटर बोलू लागला. टिक, टिक-टिक, मग जरा गप्प, मग चारपाच ठोके एकदम. फर्निचरच्या दुकानावरच्या त्या हॉलमध्ये दीडशे माणसं कोंबून बसली होती, पण कुणी खोकलंसुद्धा नाही. साहेबांनी दगड उचलला, मीटर गप्प. ठेवला, पुन्हा सुरू. पहिल्या रांगेतल्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी चक्क हात जोडले.

"हात जोडू नका, ताई," साहेब मधाळ आवाजात म्हणाले. "हा देव नाही. हे विज्ञान आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बुवाबाजीचे दिवस गेले असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्या रविवारी तिथे यायला हवं होतं. आताचा बुवा कोट घालतो आणि ताइताऐवजी माहितीपत्रक देतो, एवढाच काय तो फरक.

साहेबांच्या बोलण्यात निम्मं खरं होतं, आणि खरी मेख तिथेच होती. जगाला वीज कमी पडते आहे, अणुभट्ट्यांची चर्चा पुन्हा सुरू झाली आहे, भट्टीला युरेनियम लागतं, हे सगळं पेपरात येतच होतं. पण तिथून साहेब एकदम उडी मारायचे. "आमचा शेअर अजून बाजारात आलेला नाही. येईल त्या दिवशी तिप्पट! मी विकायला आलेलो नाही. मी वाटायला आलोय."

शंका नव्हत्या असं नाही. औषधाच्या दुकानवाल्याने उठून विचारलंच, "साहेब, खाण खणायला कधी लागणार? ऐकतो की दहादहा वर्षं परवानग्यांतच जातात. भाव पडला तर काय?"

"काका," साहेब हसले, "पाळण्यातल्या बाळाला कुणी विचारतं का, पगार किती आणणार म्हणून?"

हॉल हसला. दुकानवाला ओशाळून खाली बसला. प्रश्नाचं उत्तर मिळालं नव्हतं, पण हसू झाल्यावर उत्तर मागायचा धीर कुणाला होत नाही.

माझा दादा माझ्या शेजारी बसला होता. चौतीस वर्षं बस चालवून तो नुकताच निवृत्त झाला होता. वहिनीच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या. आठवड्यातून तीन दिवस ती डायलिसिसच्या मशीनवर झोपायची आणि उरलेले चार दिवस त्याचा शीण काढायची. तिची सख्खी बहीण किडनी द्यायला तयार होती, तपासण्याही जुळल्या होत्या. अडलं होतं ते ऑपरेशनच्या खर्चापाशी. दादाचे निवृत्तीचे सगळे पैसे आणि आम्हा भावंडांची मदत धरूनही तिसरा हिस्सा कमी पडत होता. कर्ज काढायला तो तयार नव्हता. आणि समोरचा माणूस तिप्पट म्हणत होता.

दादा माझ्या कानाशी लागला. "तू यातला माणूस. मीटर खरा आहे का रे?"

मी इस्पितळात एक्स-रे काढतो. किरण कुठून गळत तर नाहीत ना, हे तपासायला आमच्याकडे असाच एक मीटर आहे. त्याचा तो अडखळता, बेभरवशाचा आवाज मला पाठ आहे. मी दहापंधरा सेकंद कान दिला.

"आवाज तर खरा वाटतो," मी म्हणालो.

एवढंच म्हणालो. शेअर घे असं म्हणालो नाही. उलट जिन्यात मी साहेबांची यथेच्छ टिंगल केली. पण दादाला टिंगल ऐकू आलीच नाही. त्याने पहिलं वाक्य उचललं आणि जपून घरी नेलं.

आमची धाकटी बहीण त्याच इस्पितळात नर्स आहे. साहेबांची सभा दर रविवारी भरायची, आणि पहिल्या दोन्ही रविवारी तीही आली होती, वहिनीच्या काळजीपोटी. दुसऱ्या रविवारनंतर कँटीनमध्ये तिने मला गाठलं.

"भाऊ म्हणून विचारते, हसू नकोस," ती म्हणाली. तिला अशी उगाच प्रस्तावना करायची खोड आहे. "मीटरचे ठोके मिनिटाला किती पडायला हवेत?"

"नेम नाही. कधी ऐंशी, कधी शंभर. का?"

"दोन्ही रविवारी त्र्याण्णव होते."

"तू मोजलेस?"

"सवय रे. वॉर्डात नवीन पोरी आल्या की पहिली गोष्ट शिकवते. नाडी नीट चालत असेल तर पंधरा सेकंद मोजा आणि चाराने गुणा. अडखळत असेल तर पूर्ण मिनिट मोजा, नाहीतर फसाल. तो मीटर अडखळत होता, म्हणून हात आपोआप घड्याळाकडे गेला."

मी चहाचा कप खाली ठेवला. पत्र्यावर पाऊस पडताना मिनिटाला किती थेंब पडतात ते मोजा. दर मिनिटाला आकडा थोडा तरी हलतो. किरणांचंही तसंच. दोनदा एकच आकडा योगायोगाने येईलही. पण धाकटीला ठोक्यांची चालही ओळखीची वाटली होती. "तिसाव्या सेकंदाच्या आसपास मोठा खंड पडतो," ती म्हणाली, "आणि लगेच पाच ठोके घाईघाईने. दोन्ही वेळा."

म्हणजे आवाज खरा होता. कुठल्यातरी खऱ्या मीटरचा, कधीतरी भरून ठेवलेला. मी पंधरा सेकंद ऐकून मोकळा झालो होतो, आणि पंधरा सेकंदांत मी फसणारच होतो. चौदा वर्षं या खात्यात काढली त्याची मला लाज वाटली.

त्याच संध्याकाळी मी दादाला सांगितलं, "पुढच्या रविवारपर्यंत एक पै देऊ नकोस."

"बरं," दादा म्हणाला.

तिसऱ्या रविवारी हॉल आणखी भरलेला. साहेबांनी दगड हातात घेतला तशी धाकटी उभी राहिली. आवाज वॉर्डातला, शेवटच्या खाटेपर्यंत पोचणारा.

"साहेब, दगड ठेवायच्या आधी मी सांगते काय होणार ते. मीटर तिसाव्या सेकंदाला थांबेल. चांगला चार सेकंद. मग पाच ठोके लागोपाठ. मिनिटाला एकूण त्र्याण्णव."

"ताई भविष्य सांगतात वाटतं!" साहेबांनी हशा पिकवला आणि दगड ठेवला. आता न ठेवून करतात काय?

सगळा हॉल घड्याळाकडे बघत होता. एकोणतीस. तीस. मीटर थांबला. हॉलमध्ये कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. मग पाच ठोके, घाईघाईने. साठाव्या सेकंदाला धाकटी म्हणाली, "त्र्याण्णव." मागे बसलेल्या दोघातिघांनी मोजले होते, त्यांच्याही तोंडून तोच आकडा निघाला.

तोवर मी टेबलापाशी पोचलो होतो. साहेब आडवे येईपर्यंत मी दगड उचलला आणि त्याच्या जागी माझ्या घराच्या किल्ल्या ठेवल्या. मीटर बोलू लागला. किल्ल्या काढून औषधवाल्याचा चष्मा ठेवला. चष्म्यातही युरेनियम निघालं! स्टँडवरचं मखमली कापड ओढलं, तर खाली दारावरच्या घंटीचं असतं तसं बटण होतं. वजन पडलं की ते दाबलं जायचं आणि आवाज पहिल्यापासून सुरू व्हायचा. त्याची वायर टेबलाच्या फळीखालून मीटरच्या खोक्यात गेली होती, आणि खोक्यात मीटर नव्हताच. गाणी ऐकायचं एक स्वस्तातलं यंत्र आणि एक छोटा स्पीकर, बस्स.

आता लोक साहेबांवर तुटून पडतील असं मला वाटलं होतं. साहेब कोट सारखा करत म्हणाले, "अहो, हे दाखवायचं मॉडेल आहे! खरा दगड किरणं फेकतो. तो मी तुम्हा लेकराबाळांच्या माणसांसमोर उघडा ठेवीन का?"

"बरोबर आहे!" कुणीतरी ओरडलं. शिवणकामवाल्या बाई धाकटीच्या अंगावर धावून आल्या. "तुमच्यासारख्यांमुळे शेअर पडेल आमचा! कोणी पाठवलं तुम्हाला?" सगळ्यात जास्त ओरडत होते ते पैसे भरून बसलेले. त्यांचा राग मला कळतो. साहेब खोटा म्हटलं की घरी जाऊन काय सांगायचं, हा प्रश्न उभा राहतो. आम्हाला धक्के मारून जिन्यापर्यंत आणलं. चौथ्या दिवशी साहेबांच्या ऑफिसला कुलूप लागलं. पोलिसांत तक्रार झाली, नावं लिहून घेतली गेली, पुढे काही नाही.

पण जिन्यातलं सांगायचं राहिलं. मी जिंकल्याच्या तोऱ्यात दादाकडे वळलो. तो कठडा धरून उभा होता.

"शुक्रवारी भरले," तो म्हणाला.

"कुणी भरले?"

"मी. होते ते सगळे. फोन आला होता. शुक्रवार शेवटचा म्हणाले."

"अरे, मी तुला थांब म्हणालो होतो ना!"

"तू आधी खरा वाटतो म्हणाला होतास," दादा शांतपणे म्हणाला. त्यात आरोप नव्हता. असता तर बरं झालं असतं. "नंतर थांब म्हणालास, पण का ते सांगितलं नाहीस. मला वाटलं, तू नेहमीचा शंकेखोर."

खरंच, का ते मी सांगितलं नव्हतं. दीडशे लोकांसमोर चमत्कार उघडा पाडायची मला हौस होती, आणि दादाच्या पोटात काही राहत नाही म्हणून मी त्याला अंधारात ठेवलं. ठोक्यांची गोष्ट त्याच संध्याकाळी त्याच्यापुढे मांडली असती, तर ते पैसे आज बँकेत असते.

वहिनीला आम्ही तिघांनी मिळून सांगितलं. ती मशीनवर होती, हाताला नळ्या लावलेल्या. सगळं ऐकून घेतलं. रडली नाही.

"तिप्पट कुणी मागितलं होतं?" ती म्हणाली. "आहे त्यात भर घालायला माझी बहीण दागिने मोडणार होती. मला एकदा विचारायचं तरी."

दादाने तिचं पांघरूण पायांवर सारखं केलं.

युरेनियमचे खरे शेअर असतात, खऱ्या खाणी असतात. त्यात कुणाला फायदा होतो, कुणी बुडतं. त्यावर बोलायची माझी पात्रता नाही. पण एवढं सांगतो: तो दगड खराखुरा असता आणि मीटरही खरा असता, तरी त्यातून कळलं असतं ते फक्त या दगडात युरेनियम आहे, इतकंच. खाण कुणाची, परवाना आहे का, भाव राहील का, हे कुठल्याच दगडाला ठाऊक नसतं. हे मला पहिल्याच रविवारी बोलता आलं असतं. म्हणून विनंती आहे. कुणी काही दाखवलं तर विचारा, यातून नक्की काय सिद्ध होतं? जाणकाराने मान डोलावली तर विचारा, बाबा रे, किती वेळ तपासलंस? आणि जाणकार असाल तर शंका आली त्याच घटकेला, कारणासकट, घरच्या माणसाला सांगा. सभा नंतर गाजवता येते.

वहिनीची बहीण अजून दर महिन्याला फोन करते. मी तयार आहे, तारीख सांगा, म्हणते. फोन दादा उचलत नाही. मी उचलतो.