कोळशातली दाढ

मी एक दाढ बोलतेय. वरच्या जबड्यातली, उजव्या बाजूची. दाढ म्हटलं की माणसांना ठणका आठवतो, पण मी कुणाला कधी त्रास दिल्याचं मला आठवत नाही.

ज्या जनावराच्या तोंडात मी वाढले, ते दलदलीच्या कडेला दाट झाडीत राहायचं. कोवळे कोंब, पानं, मऊ देठ, जे मिळेल ते माझ्यापर्यंत यायचं आणि मी रगडायची. सुळे पुढे मिरवायचे, पण त्यांना बहुतेक वेळ बसूनच खावं लागे.

एकदा ते जनावर चिखलात रुतलं, ते रुतलंच. जबडा कुजला, हाडं पांगली, मी उरले. वर पानं साचली, झाडं पडली, गाळ आला आणि सगळ्याचा हळूहळू कोळसा झाला. मीही काळीठिक्कर पडले. साठ-सत्तर लाख वर्षं गेली म्हणतात. मी काही मोजत बसले नव्हते.

मला उजेड दाखवला एका खाणकामगाराने. कोळशातून दगड वेचायचं त्याचं काम. मला त्याने उचललं, बोटाने पुसलं. शेजारी त्याचा मेहुणा होता.

"दाजी, दगड आहे तो. फेका."

"दगडाला मुळं कधीपासून फुटायला लागली?" म्हणत त्याने मला खिशात टाकलं.

सुट्टीच्या दिवशी रुमालात बांधून त्याने मला संग्रहालयात नेलं. तिथल्या साहेबांनी चष्मा वर करून पाहिलं आणि चिठ्ठीवर लिहिलं, 'अस्वल. दाढ एक.'

"किती जुनी असेल, साहेब?"

"जुनी आहे," साहेब म्हणाले आणि खण लोटला. तो पुढची चाळीस वर्षं कुणी उघडला नाही.

मग छत गळायला लागलं आणि खण हलवावे लागले. हलवणाऱ्या बाई तिथल्याच अभ्यासक. गळ्यात कायम भिंग, म्हणून सगळे त्यांना भिंगवाल्या बाई म्हणत. त्यांनी मला तळहातावर घेतलं आणि बाकीचे खण तसेच राहिले.

त्यानंतर कित्येक महिने मी त्यांच्या टेबलावर होते. आजच्या पांडाच्या दातांचा प्लॅस्टरचा ठसा आणून त्यांनी माझ्याशेजारी ठेवला. एकेक कंगोरा मोजला, पुसला, पुन्हा मोजला. मग बाई संग्रहालयाच्या प्रमुखांकडे गेल्या. एके काळी त्यांनीच बाईंना शिकवलं होतं.

"सर, चिठ्ठी चुकलीये. हे साधं अस्वल नाही. ही पांडाच्या घराण्यातली आहे."

"आपल्याकडे? बांबूचं एक पान तरी सापडलंय का?"

"बांबू फोडणं हिला झेपलंच नसतं, सर. कंगोरे तेवढे दणकट नाहीत. ही मऊ पाल्यावर जगली."

सरांचा चेहरा उजळला. संग्रहालयात चिटपाखरू फिरकत नव्हतं आणि इमारत बंद करायचं पत्र आलेलं होतं. त्यांनी लगेच रंगाऱ्याला बोलावून दारावर चित्रासकट पाटी सांगितली: 'पांडाची आजी इथली!'

"आजी नाही, सर," बाई म्हणाल्या. "चुलत आजी. तीही बहुधा. आजचे पांडा हिच्या वंशातले असं एका दाढेवरून नाही सांगता येत. ही फांदी बहुधा पुढे खुंटली."

"अगं, तुझं 'चुलत' आणि 'बहुधा' बघायला कोण येणार? इमारतच गेली तर हे खरं ठेवणार कुठे?"

बाईंनी मला उचलून डबीत ठेवलं. खरं सांगते, मलाही सरांचं पटलं होतं. कुलूप लागलं असतं तर मी पुन्हा कुठल्यातरी खोक्यात गेले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगारी शिडीवर चढला, तेव्हा बाई खाली उभ्या होत्या. मी त्यांच्या हातातल्या डबीत होते.

"दोन शब्द वाढवा. 'बहुधा' आणि 'चुलत'."

"बाई, एवढे मावत नाहीत."

"मग आजीचं चित्र लहान करा."

त्याने केलं. दुपारी सर आले, पाटीखाली थांबले. बाईंनी डबी घट्ट धरली. सरांनी पाटी दोनदा वाचली.

"लिहायचंच तर मोठं लिही," ते रंगाऱ्याला म्हणाले. "ते 'बहुधा' लपवल्यासारखं दिसतंय."

आता मी काचेखाली मऊ कापडावर असते. लोक येतात, फार नाहीत, पण येतात. काही जण पाटी वाचून हसतात, मग नक्की नातं काय म्हणून आत विचारायला येतात. बाई शांतपणे सांगतात. इमारतीचा निकाल अजून लागायचाय.

तुम्ही आलात तर थोडं वाकून पाहा, मी लहान आहे. माझं एवढंच मागणं: माझ्या एकटीच्या साक्षीवर फार विसंबू नका. शेजारची दाढ, मनगटाचं हाड, जबड्याचा तुकडा मिळाला तर मी कुणाची कोण ते ठरेल. ती हाडं कदाचित अजून जमिनीत असतील. किंवा कुणाच्या तरी शेगडीत जळून, एखाद्या थंडीत घर ऊबदार करून केव्हाच संपलीही असतील.