बादलीतलं विष

सामोआतल्या त्या गावात सालोतेमावशीचं घर चारी बाजूंनी उघडं, आणि आज तिथे अर्धं गाव दाटीनं बसलं होतं. ऑकलंडहून परतलेली मालिया मिठाच्या पाण्यात यंत्र सोडायची, त्यात पाय बुडवले की पाणी तपकिरी व्हायचं.

"हे टॉक्सिन. तळव्यातून निघतंय," मालिया सांगत होती. "गोळ्या सोडा, त्याही विषच."

फुआतिनो गावातली नर्स. हल्ली तिच्या दवाखान्यात कुत्रंही फिरकत नव्हतं आणि मालियाकडे, तिच्या या मावसबहिणीकडे, लोक चटया, कोंबड्या घेऊन येत होते. तिच्या पोटात दुखत होतं, खोटं कशाला बोला. लहानपणीही मावशीची मांडी मालियाच बळकावायची. आता मावशीच्या अंगठ्याची मधुमेहाची जखम काळी पडत होती, आणि आठ दिवसांत तिनं एक गोळी घेतली नव्हती.

"टॉक्सिनला नाव असतं," फुआतिनो म्हणाली. "दगडमाशाच्या काट्यातलं, धनुर्वाताच्या जंतूचं. तुझ्या विषाचं नाव काय?"

"जळू नकोस गं, ताई."

लोक हसले. मावशीनं पाय बुडवले, यंत्र सुरू झालं आणि तेवढ्यात संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख वाजला. मावशी पाय पुसून चटईवर मांडी घालून बसली; यंत्र बादलीत तसंच चालू राहिलं. सगळ्यांनी डोळे मिटले. फुआतिनोनं नाही मिटले. ती मत्सरानं बादलीकडे बघत राहिली.

स्तोत्र संपलं तेव्हा पाणी चहासारखं झालं होतं.

"मावशी, पाय तर तुझ्या मांडीखाली होते. मग हे कुणाचं?"

"आधी बुडवले होते ना," मालिया पुटपुटली.

फुआतिनोनं ताजं पाणी ओतलं, मीठ टाकलं, तारोचा, म्हणजे अळूचा, एक कंद सोडला आणि यंत्र लावलं. सगळे बघत बसले. पाणी पुन्हा तपकिरी झालं.

"म्हणजे तारोलाही मधुमेह?" मागून कुणीतरी म्हणालं.

फुआतिनोनं यंत्रातली लोखंडी कांडी काढून दाखवली. "मीठ, पाणी, वीज. हा गंज आहे."

मालिया मान खाली घालून वायर गुंडाळू लागली.

"प्रार्थनेत डोळे उघडे ठेवलेस?" मावशीनं दटावलं.

"हो. जळत होते मी."

मावशीनं काळ्या अंगठ्याकडे पाहिलं. "माझ्या गोळ्या आण. आणि हा पाय उद्या मोठ्या डॉक्टरला दाखव."

जळून का होईना, पण डोळे उघडे ठेवा. आणि पाय घालण्याआधी एकदा बिनपायाची बादली बघा.