तिसरा बोल्ट

घर सोडून जायचं ठरलं, तर माणसानं ते आधी घरातल्या थोरल्या माणसाच्या कानावर घालावं. सुनेनं ते घातलं वेल्डरच्या कानावर. तेही धड नाही. "मागच्या शेडमधली गाडी लांबच्या रस्त्याला टिकेल का हो?" एवढंच विचारलं. वेल्डरच्या पोटात काही राहत नसे. चहाच्या वेळेपर्यंत सगळ्या गॅरेजला कळलं, आणि खुद्द सासूला, म्हणजे मालकीणबाईंना, कळलं ते सगळ्यांच्या मागून.

"सासू जिवंत आहे का मेली, एवढी तरी चौकशी केली का तिनं?" मालकीणबाईंनी वेल्डरला फैलावर घेतलं.

"ती कशाला करावी लागते?" वेल्डर म्हणाला. "तुम्ही जिवंत आहात हे फाटकापासून ऐकू येतं."

गाडी मालकीणबाईंच्या मुलाची. तो गेल्यापासून ती ताडपत्रीखाली उभी होती. आजार थोड्या दिवसांचा, पण पुरेसा निघाला. सून नंतर माहेरी गेली नाही. गॅरेजच्या काउंटरवर बसू लागली आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलू लागली. हे काम मालकीणबाईंना जन्मात जमलं नव्हतं. रात्री दोघी एकाच टेबलावर जेवायच्या. मीठ दे, पाणी दे, यापलीकडे बोलणं नाही. भांडणही नाही. निदान भांडण तरी असावं, असं मालकीणबाईंना कधीकधी वाटे.

लग्नाआधी सून नर्स होती. आता तिला पुन्हा काम मिळालं होतं. दूरच्या भागात घरोघर जाऊन आजाऱ्यांची मलमपट्टी करायची. स्वतःची गाडी हवी, आणि सोमवारी हजर व्हायचं. नाहीतर जागा दुसऱ्याला. हे सगळंही मालकीणबाईंना वेल्डरकडूनच समजलं.

त्यांनी अंगात जुना डगला चढवला आणि म्हणाल्या, "ताडपत्री काढा."

गाडी सुरू केली तर डरकाळ्या फोडू लागली. सायलेन्सरचा पुढचा पाईप सांध्याशी कुजला होता. तो इंजिनापासून सोडवायचा म्हणजे तीन बोल्ट काढायचे, आणि तिन्ही गंजून लालभडक. मालकीणबाईंनी ते तारेच्या ब्रशानं घासले, तेल सोडलं आणि रात्रभर भिजत ठेवले.

सकाळी गाडी लोखंडी घोड्यांवर चढवून उंच केली होती. वेल्डर दुसऱ्या गाडीत गुंतला होता, म्हणून सून स्वतःच खाली शिरली. मालकीणबाई स्टूल ओढून शेजारी बसल्या.

"पाना पुरता बसव. अर्धवट धरलास तर कडा गोल होतील, मग बस रडत."

"बसला."

"आता आवळ."

"आवळू? सोडायचाय ना?"

"सोडायचाय म्हणूनच. आधी केसभर आवळायचा, मग केसभर सोडायचा. परत आवळायचा. एकदम ओढायला तो काय दोर आहे?"

सुनेनं आवळला, सोडला. कुर्र झालं.

"थांब. कुरकुरतोय ना? कुरकुरू दे त्याला. थोडं तेल दे, मागे घे, पुन्हा पुढे."

पहिला असा रुसत रुसत आला. दुसराही आला. तिसरा मात्र आतल्या बाजूला, अडचणीत होता. तिथं सुनेचा हात पोचेना. मालकीणबाई उठल्या, बॉनेट उघडून ओणव्या झाल्या, हात आत घातला आणि वरून रिंग पाना लावला. दाबून पाहिला. दुसऱ्यांदा दाबून पाहिला. बोल्ट ढिम्म.

त्यांनी पाना तसाच धरून ठेवला. हा हात कुणाचा, ते त्यांनी ओळखलं होतं. मुलगा कुठलाही बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळायचा. त्यांनी किती वेळा डोकं फोडलं असेल त्याच्याशी. तो हसायचा आणि पुढचा आणखी आवळायचा.

वेल्डर डोकावला. "कापून टाकू का?"

"आधी तुझी जीभ काप."

"तुटला तर भोगाल हं. तुकडा आत अडकणार, मग इंजिनाचं हेड उतरवा, ड्रिल मारा. या गाडीचं सामान आता मिळतंय कुठं? महिना गेलाच म्हणून समजा." एवढं बोलून तो आपल्या कामाला गेला.

महिना.

मालकीणबाईंनी फडक्याला हात पुसले. सून गाडीखालून बाहेर आली होती, कपाळाला काळं लागलं होतं. भिंतीशी लोखंडी पाईप उभा होता. पान्याच्या दांड्यात चढवला की लहान मुलाच्या हातातही बैलाचं बळ येईल असा. चाकाच्या नटांना चालतो. सायलेन्सरच्या बोल्टला तो लावायचा नाही, हा गॅरेजचा नियम. "पाईप लावला की हात बहिरा होतो," हे मालकीणबाई इतक्या लोकांवर इतक्या वेळा ओरडल्या होत्या, की काउंटरवर बसणाऱ्या सुनेलाही ते भिंतीपलीकडून पाठ झालं होतं.

"तो पाईप दे," मालकीणबाई म्हणाल्या.

सुनेनं त्यांच्याकडे पाहिलं. पाईपकडे पाहिलं. मग जाऊन तो आणला आणि त्यांच्या हातात दिला.

मालकीणबाईंनी तो पान्यावर चढवला. एक हिसका पुरे होता. कुणी शब्दानं काही म्हटलं नसतं. दोष गंजाचा. रात्री टेबलावर दोन ताटं असती, उद्या असती, सोमवारीही असती. पाईप हाताला थंड लागत होता आणि त्यातून बोल्टचं काहीएक समजत नव्हतं.

"बोलत का नाहीस?" त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या.

"काय बोलू, आई?"

"पाईप लावू नका म्हणून."

"तुम्हाला माहीत आहे."

"तुला आहे का?"

"आहे."

"मग दिलास कशाला?"

सून कपाळावरचं काळं पुसायला गेली आणि ते आणखी पसरलं. "गाडी ह्यांची आहे. तुम्हालाच मोडायची असेल, तर नको म्हणणारी मी कोण?"

एवढं सलग ती सासूशी पहिल्यांदाच बोलली होती. मालकीणबाईंनी वळून तिला नीट न्याहाळलं. डोळ्यांत पाणी नव्हतं, विनवणी तर नव्हतीच. मग त्यांनी पाईप उपसला आणि असा भिरकावला, की तो ठणाणत भिंतीपर्यंत गेला.

"वेल्डर! मेलास काय? गॅस आण. आणि तू बघतेस काय, ओलं पोतं घाल तिकडं, पेट्रोलची नळी आहे. मेणबत्ती कुठंय?"

तेल पुसून काढलं. वेल्डरनं बोल्टच्या भोवतीच्या लोखंडावर निळी ज्योत फिरवली. लाल होईपर्यंत नाही, त्याच्या अलीकडेच मालकीणबाईंनी "बास" म्हटलं. ज्योत दूर नेल्यावर त्यांनी मेणबत्तीचं टोक बोल्टच्या बुडाला टेकवलं. मेण वितळलं आणि आपसूक आट्यांत ओढलं गेलं. धुराचा वास सुटला.

त्यांनी पाना लावला. आधी केसभर आवळला. मुलानं आवळला होता, त्यापुढे केसभर. आत कुठंतरी बारीक टिचकी वाजली. हाताला कळलं, कानाला नाही.

"आला," त्या म्हणाल्या.

मागे, पुढे, मागे. बराच वेळ गेला. शेवटी बोल्ट अख्खा बाहेर आला, आटे शाबूत. पहिले दोन भंगाराच्या डब्यात गेले होते. हा त्यांनी डगल्याच्या खिशात टाकला. सुनेनं ते पाहिलं.

त्याच दिवशी सायलेन्सरच्या पाईपला ठिगळ लागलं, नवे बोल्ट बसले. रविवारी सकाळी गाडी फाटकाशी उभी होती. इंजिन सुरू होतं, पण आवाज म्हणावा असा नव्हता. अशी गाडी कधी निघून गेली हे घरात बसलेल्या माणसाला कळायचं नाही. म्हणून मालकीणबाई फाटकापर्यंत आल्या होत्या.

सुनेनं काच खाली केली. "आई, मी विचारणार होते. पण कसं विचारावं तेच कळेना. तुम्ही नाही म्हटलं असतं, तर—"

"तर राहिली असतीस? वेडी आहेस." मालकीणबाईंनी खिडकीच्या कडेवर हात ठेवला. "विचारायचं नव्हतंसच मुळी. सांगायचं होतंस. घरातलं माणूस सांगून जातं, परवानगी परकी माणसं मागतात. तू चुकलीस. आता मी सांगते ते ऐक. नवे बोल्ट एकदा तापले की सैल पडतात. वाटेत थांब, गाडी निवू दे, मग आवळ. बेतानं आवळ. त्याच्यासारखं नको."