मेणाचा दोरा

"स्थानिक अनुभव शून्य," वीज परवान्याच्या खिडकीमागची बाई म्हणाली आणि तिने फाइल काचेखालून परत सरकवली.

वायरमनला वाटलं, या देशाची भाषा आपल्याला अजून नीट कळत नाही. त्याने पुन्हा विचारलं. तिनेही पुन्हा तेच सांगितलं, फक्त या खेपेला सावकाश, ठार बहिऱ्याशी बोलावं तसं.

चोवीस वर्षं मायदेशी वीज मंडळात काढलेला हा माणूस. भर वादळात खांबावर चढून गावाचे दिवे परत लावलेला. इथे येऊनही चार वर्षं झाली होती. एक शाळा, दोन दवाखाने आणि कितीतरी गोदामं यांच्यातली वीज त्याच्या हातातून गेलेली होती. आणि अनुभव काय, तर शून्य!

शून्य कसं झालं ते सांगायला हवं, कारण ऐकणाऱ्याला खरं वाटत नाही. परवाना नसलेल्या माणसाने केबल ओढावी, भिंतीला भोकं पाडावीत, शिडी धरावी. पॅनेलच्या आत मात्र हात घालायचा नाही, तो मान परवानाधारकाचा. वायरमनचा परवानाधारक म्हणजे त्याचा ठेकेदार. सगळे त्याला शेठ म्हणत. आपल्याच भाषेचा, वयाने लहान, पण इथे बारा वर्षं आधी आलेला. तो सकाळी गाडीतून वायरमनला कामावर सोडायचा, संध्याकाळी यायचा आणि वायरमनने आतलं सगळं जोडून बंद केलेल्या पॅनेलच्या दारावर आपला नंबर घालून सही ठोकायचा. दार उघडून बघायचाही नाही. "काका, तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त आहे," असं वर म्हणायचा. निर्धास्त राहायला त्याचं काय जात होतं!

म्हणजे परवान्यासाठी इथला दोन वर्षांचा अनुभव हवा, आणि परवान्याशिवाय तो अनुभव घेणं हा गुन्हा. हा नियम लिहिणाऱ्याला समोर बसवून चार शब्द सुनवावेत असं वायरमनला फार वाटे. पण नियम लिहिणारा माणूस कधी खिडकीत बसत नाही. तिथे पगारी बाई बसते, आणि तिच्यावर ओरडून आपलीच शोभा होते.

वर्षअखेरीपर्यंत परवाना मिळाला नाही तर इथे राहण्याचा कागद संपणार होता. मुलीच्या शाळेची शेवटची दोन वर्षं बाकी होती. त्यामुळे राग गिळून तो शेठकडे गेला.

"शेठ, दोन ओळी लिहून द्या. पॅनेलची कामं मी केली म्हणून."

"काका, डोकं ठिकाणावर आहे ना? तसं लिहिलं तर माझा परवाना जाईल आणि तुमच्यावर कायमची बंदी येईल. दोघंही बुडू."

"मग मी करू काय?"

"कोर्स करा की! बाहेरून आलेल्यांसाठी असतो, सहा महिने, दर शनिवारी. तुम्हाला काय अवघड आहे?"

घरी बायकोने ऐकलं आणि ती आधी हसली. "अगं बाई! म्हणजे आता बल्ब कसा लावायचा ते शिकवणार का तुम्हाला?" मग तिचं हसू विरलं. "अहो, पण त्या शेठला लाज कशी वाटत नाही?"

"लाज वाटली असती तर शेठ झाला असता का?"

बल्बच शिकवला. पहिल्या शनिवारी टेस्टर कसा धरायचा, दुसऱ्या शनिवारी ओल्या हाताने बटण का दाबू नये. मास्तर तिशीतला होता, मनाने वाईट नव्हता. तिसऱ्या शनिवारी त्याने परवान्याचा कायदा वाचून दाखवला: परवाना नसताना पॅनेलमध्ये हात घालणाऱ्याला जन्मात परवाना मिळणार नाही. वायरमन मागच्या बाकावर मान खाली घालून वहीत लिहून घेत होता. पन्नाशीत आपल्यावर ही वेळ यावी याचा त्याला इतका संताप आला की पेन्सिलीचं टोक मोडलं.

पाचव्या शनिवारी मास्तरने पडद्यावर एक फोटो लावला.

"हे पॅनेल नीट बघा. आमच्या तपासनिसांना एका शाळेत सापडलं. आता आम्ही नमुना म्हणून सगळ्यांना दाखवतो."

वायरमन बाकावरून पुढे झुकला. वायरींची एकसारखी जुडी, आणि ती प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी नाही, दोऱ्याने बांधलेली. दर दोन बोटांवर एक गाठ. प्रत्येक वायरला टोकाशी बोटभर वळण जास्तीचं. हे त्याला त्याच्या पहिल्या हेडवायरमनने शिकवलं होतं. पट्टीचं कापलेलं टोक पुढे पॅनेल उघडणाऱ्याचा हात फाडतं, दोरा फाडत नाही. बोटभर वायर जास्त ठेवली तर पुढच्याला पुन्हा जोडायला पुरते. तो बिचारा पुढचा माणूस आपल्याला कधी दिसत नाही, पण त्याची काळजी घ्यायची.

फोटोखाली नाव होतं शेठचं.

वायरमनचा हात आपोआप वर गेला. अख्खा वर्ग वळून बघू लागला. माझं काम आहे हे, एवढंच म्हणायचं होतं. पण कायद्याचं ते कलम वहीच्या मागच्याच पानावर होतं, त्याच्याच अक्षरात.

"काय विचारायचंय?"

"सर, दोरा कसला आहे तो?"

"नायलॉनचा असावा."

"सुती आहे. मेण लावलेला."

"तुम्हाला कसं माहीत?"

"ऐकलंय कुणाकडून तरी," वायरमन म्हणाला आणि खाली बसला. खोटं बोलून जीव वाचवावा लागला, तोही स्वतःच्याच कामाबद्दल. त्या दिवशी तो घरी जेवला नाही.

परीक्षेत चार तासांत पॅनेल करायचं होतं. सामानात प्लॅस्टिकच्या पट्ट्या ठेवलेल्या होत्या. त्याने त्या बाजूला सारल्या आणि खिशातून दोऱ्याचं रीळ काढलं. वाईट काम मुद्दाम करणं त्याला जमण्यातलं नव्हतं. परीक्षक बराच वेळ त्या पॅनेलसमोर उभा राहिला.

"फोटोवरून उचललंत ना? हुबेहूब! नक्कल करायलाही नजर लागते."

वायरमनने उरलेला दोरा रिळाला गुंडाळून रीळ खिशात टाकलं.

"पास आहात. तात्पुरता परवाना मिळेल, त्यावर राहण्याचा कागदही वाढेल. मात्र सहा महिने एखाद्या परवानाधारकाच्या हाताखाली शिकायचं, त्याने सही केली की परवाना कायमचा. थांबा, मी त्या फोटोवाल्याचंच नाव घालतो पत्रात. अशा माणसाकडे शिकायला नशीब लागतं."

तो मनापासून उपकार करत होता. यापेक्षा त्याने दोन थोबाडीत मारल्या असत्या तरी चाललं असतं.

सोमवारी नव्या वाचनालयाच्या तळघरात शेठ हसत आला. "अभिनंदन काका! आता सगळं कायदेशीर. चला, उरका पटकन. तीनला तपासनीस येतोय आणि त्याला फोटोतल्यासारखंच पॅनेल हवंय. मी जरा बाहेर जाऊन येतो."

पॅनेलचं दार उघडं होतं, आत चाळीस-पन्नास वायरी लोंबत होत्या. वायरमन जागचा हलला नाही. त्याने पत्र काढून पुढे केलं.

"वाचा शेठ. मोठ्याने."

"अहो, माहितीये मला..."

"वाचा."

"'उमेदवाराने सदर इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली वायर बांधण्याची पद्धत शिकून घ्यावी.' बरं, मग?"

वायरमनने रीळ त्याच्या हातात ठेवलं. "शिकवा."

"काका, चेष्टा पुरे."

"चेष्टा तुम्ही केलीत. चार वर्षं."

शेठचा चेहरा लाल झाला. "तुमच्या त्या पत्रावर सही मला करायचीये, विसरू नका. नाही केली तर बिऱ्हाड बांधाल."

"ठाऊक आहे," वायरमन म्हणाला. बायको, मुलगी, मुलीची शाळा, सगळं त्याच्या डोळ्यांसमोर होतं. "आजवर न बघता सह्या केल्यात. ही एक बघून करा. शिकवलंत तर मी शिकेन, नाहीतर तपासनीस आल्यावर त्याला सांगेन, साहेब, मी पत्राप्रमाणे सकाळपासून शिकायला बसलोय."

शेठने घड्याळ पाहिलं. मग वायरमनकडे पाहिलं. मग नवी पँट वर ओढून तो पॅनेलसमोर गुडघ्यांवर बसला.

दोऱ्याचं टोक वायरमन नेहमी शेवटच्या वेढ्याखाली आत खोचून ठेवायचा. शेठ रीळ उलटंसुलटं फिरवत, नखांनी कोरत ते टोक शोधत होता. वायरमनने रंगाचा रिकामा डबा उपडा घातला, त्यावर बसला, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि नीट लक्ष देऊन बघू लागला.