करडीची निळी अंडी

मित्रांनो, माझ्यातून पिल्लू कधीच बाहेर येणार नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे उगाच वाट बघत बसू नका. मी एक जुने लाकडी अंडे आहे. एका शिंपीणबाईंच्या घरामागे कोंबड्यांचे खुराडे आहे. त्यात कोंबड्यांनी अंडी घालावीत म्हणून भुसा पसरलेली खोकी ठेवली आहेत. त्यांतल्या मधल्या खोक्यात माझा मुक्काम असतो.

माझा जन्म बाईंच्या भावाच्या कारखान्यात झाला. तो कातारी आहे, म्हणजे लाकूड यंत्रावर फिरवून त्याला गोल आकार देणारा. एकदा बाई त्याला म्हणाल्या, "दादा, कोंबड्या खोक्यात अंडी घालायचं नावच घेत नाहीत. झुडपात कुठंतरी घालून येतात. मला एक खोटं अंडं करून दे ना." दादा पोट धरून हसला, पण पलंगाच्या पायाचा उरलेला सागवानी तुकडा त्याने यंत्रावर चढवला आणि मला घडवले. कोंबडीचा स्वभाव असा, की जिथे आधीच एखादे अंडे सुखरूप असते, तिथे तिचाही जीव रमतो. मी नुसते पडून राहायचे आणि जागा धोक्याची नाही एवढे पटवायचे. हे काम मी चोख बजावले. तांबडी नावाच्या कोंबडीला अंडी टोचून फोडायची खोड होती, तिलाही मी वठणीवर आणले. तिने मला एकदाच चोच मारली आणि पुन्हा त्या वाटेला गेली नाही.

मात्र एक गोष्ट मला पहिल्या दिवसापासून सतावत होती. मी एकाच रंगाचे, आणि माझ्या शेजारी येऊन पडणारी अंडी मात्र तऱ्हेतऱ्हेची! तांबडी आणि कबरी चहाच्या रंगाची अंडी घालत. पांढरीचे अंडे पांढरेशुभ्र. आणि करडी नावाची एक राखाडी, बुजरी कोंबडी होती, तिचे अंडे चक्क फिकट निळे असे. दाणे सगळ्या एकाच ताटलीतले टिपायच्या, पाणी एकाच भांड्यातले प्यायच्या. मग हा रंग येतो कुठून?

हाच प्रश्न बाईंच्या धाकट्या लेकीला, बिट्टीला पडला होता. बिट्टी म्हणजे प्रश्नांचे पोतेच. ती फुटकी टरफले धुऊन खिडकीत मांडून ठेवायची. एक दिवस ती ओरडत आली, "आई, तांबडीचं टरफल आतून पांढरंय! आणि करडीचं आतूनपण निळंच आहे!"

बाईंनी दोन्ही टरफले उजेडात धरली, उलटीपालटी केली. "हं, आलं लक्षात. एखादं कापड विणून झाल्यावर वरून रंगवतात ना, तसं तांबडीचं अंडं. करडीचं मात्र सूतच आधी रंगवलंय."

बाईंचे सगळे असे होते. रंगाशी रंग जुळवण्यात उभा जन्म गेलेला. शंभर रिळांतून नेमका दोरा त्या डोळे झाकून काढतील. सकाळी दुकान उघडण्याआधी त्या टोपली घेऊन खुराड्यात येत आणि अंड्यांच्या रंगावरून कोणी काम केले, कोणी नाही, हे एका नजरेत ओळखत.

आणि इथेच करडीचे नशीब फिरले. टोपलीत निळे अंडे दिसेनासे झाले. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, कितीतरी दिवस.

"करडी आता फुकट खाते," बाई म्हणाल्या. "या रविवारी कोंबडीवाला येईल, तेव्हा तिला देऊन टाकू."

बिट्टीच्या तोंडचे पाणी पळाले. मित्रांनो, मला तर खरे काय ते ठाऊक होते! करडी अंडी घालत होती. पण तिला लागायचा निवांतपणा. बाकीच्या सकाळीच मोकळ्या होत, ही मात्र दुपारी, सगळे शांत झाल्यावर दबकत खोक्यात येई. बिट्टी तेव्हा शाळेत असे आणि बाई शिलाई मशीनवर. करडी अंडे घालून, कॉक कॉक करून सगळ्या अंगणाला बातमी देऊन निघून जाई. मग कुंपणाच्या बाजूने एक लांबलचक, पिवळसर धामण सळसळत येई, खुराड्याच्या जाळीतून अलगद आत शिरे आणि शेजारचे कोमट निळे अंडे गिळून टाके. आतल्या आत दाबून ते फोडी आणि परत सडपातळ होऊन आली तशी निघून जाई. मागे टरफलाचा कपटाही राहत नसे. मलाही तिने एकदा जीभ लावून पाहिली होती, पण सुके लाकूड तिला रुचले नाही. मी हे सगळे पाहत होते आणि मला तोंड नव्हते. त्या दिवसांत मला जेवढे वाईट वाटले, तेवढे पुन्हा कधी वाटले नाही.

त्याच आठवड्यात बिट्टीला गालगुंड झाले आणि तिची शाळा बुडाली. गालाला फडके बांधून ती मागच्या ओट्यावर बसलेली असताना तिने करडीचे ओरडणे ऐकले. ती धावत घरात गेली. "आई, करडीनं अंडं घातलं! ती ओरडली!" बाईंनी हातातली शिवण पुरी केली आणि मायलेकी आल्या, तोवर धामण आपले काम उरकून पसार झाली होती. खोक्यात मी एकटेच.

"ओरडायला काय जातंय? नुसता कांगावा," बाई म्हणाल्या.

"अगं, कुणीतरी चोरतंय ती!"

"अस्सं? चोराला बरी निळीच अंडी आवडतात! तांबडीच्या अंड्याला कधी हात लावत नाही तो?"

बिट्टीचे डोळे भरून आले. ते पाहून बाईंचा आवाज जरा उतरला. त्या म्हणाल्या, "बरं, तुझ्या मनासारखं करू. हे लाकडी अंडं आपण निळं करू. चोराला निळं आवडत असेल तर उचलून नेईल. आणि रविवारपर्यंत इथंच राहिलं, तर मग रडायचं नाही."

रंगाचा आणि चोरीचा काडीचाही संबंध नव्हता, मित्रांनो! निळे अंडे जात होते, कारण ते दुपारी घातलेले असे. पण सगळे जग रंगाने चालते असे मानणाऱ्या बाईंना हे सुचणार कसे? दुसऱ्या दिवशी जेवणाआधी त्यांनी कपड्यांची नीळ घेतली, शिलाईचा पांढरा खडू कुटून तिच्यात मिसळला आणि खळीत कालवला. खिडकीतले टरफल शेजारी धरून छटा पाहिली, पुन्हा खडू घातला, पुन्हा पाहिली. गिऱ्हाइकाच्या पोशाखावरही त्या इतका जीव टाकत नसतील. असे मी निळे झाले. फक्त एक चूक झाली. मला वाळायला वेळ न देताच त्यांनी खोक्यात ठेवले.

त्याच दुपारी करडी आली. त्या दिवशी तिला अंडे काही झाले नाही, कोंबड्यांचा असा एखादा दिवस कोरडा जातोच. पण ती माझ्यावर बराच वेळ बसून राहिली. उठली तेव्हा तिची मऊ पिसे माझ्या ओल्या खळीला चिकटली होती. मी निळे, कोमट आणि आता कोंबडीच्या वासाचे! धामण आली, तिने जीभ लावली आणि या खेपेला मला गिळून टाकले.

आतले वर्णन काय करू? अंधार, ओलावा आणि चारी बाजूंनी दाब. ती मला फोडायला बघत होती. मी सागवानी, मी कसले फुटते! तिने वेटोळे घातले, खुराड्याच्या खांबाला अंग रेटले, पण काही चालेना. शेवटी तशीच निघाली. डोके जाळीबाहेर गेले, मान गेली, आणि माझ्यापाशी येऊन गाडी अडली. तिला पुढे जाता येईना, मागे येता येईना.

कोंबड्यांनी आभाळ डोक्यावर घेतले. बिट्टी किंचाळली. बाई गळ्यातल्या टेपसकट काठी घेऊन धावत आल्या आणि साप पाहून जागीच थबकल्या. सुदैवाने बिट्टीची आत्या जवळच्याच गल्लीत राहते. ती अग्निशमन दलात आहे, साप पकडायला तिला नेहमीच जावे लागते. त्या दिवशी तिची सुट्टी होती. बिट्टी फडक्यासकट पळत जाऊन तिला घेऊन आली.

"वहिनी, काठी आधी खाली ठेवा," आत्या म्हणाली. "धामण आहे, विषारी नाही. अडकलीय बिचारी. जाळी कापायला काही आहे का? तारेनं तिची कातडी सोलवटतेय."

घरात पक्कड सापडेना. आता ऐका. बाईंची कापड कापायची कात्री म्हणजे घरातले दैवतच. तिने कोणी कागद कापला तरी बाई दिवसभर अबोला धरत. तीच कात्री त्या आतून घेऊन आल्या आणि नणंदेच्या हातात दिली. तारा कापताना कात्रीच्या धारेचा जो आवाज झाला, त्याने बाईंनी डोळे घट्ट मिटले.

धामण मोकळी झाली. आत्याने तिला हळूच धरून जमिनीवर टेकवले, आणि थोड्या वेळाने तिने मला ओकून टाकले. माझी निळाई पार उतरली होती. बिट्टी आधी दचकली आणि मग एकदम ओरडली, "आपलं लाकडी अंडं! आई, हीच चोर!"

आत्याने धामणीला गोणीत घातले, लांबच्या माळावर सोडायला. "वहिनी, तिचं काही चुकलं नाही हो. पोट सगळ्यांना असतं. आणि ही षटकोनी भोकांची जाळी कोंबड्यांना आत ठेवते, बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही."

"पण हिला निळीच का आवडतात?" बाईंनी विचारले.

"रंगाचं काय घेऊन बसलात? तुम्ही अंडी उचलता कधी?"

"सकाळी."

"आणि करडी घालते दुपारी!" बिट्टी म्हणाली.

बाई ओट्यावर मटकन बसल्या. मग त्यांनी करडीकडे पाहिले आणि अगदी हळू म्हणाल्या, "मग गेल्या वर्षीची ती तुरेवाली... तिचंही असंच झालं असेल. तिला तर मी देऊन टाकली." आत्याने वहिनीच्या खांद्यावर हात ठेवला.

त्या रविवारी कोंबडीवाला रिकाम्या हाताने परत गेला. दादाने बारीक चौकोनी भोकांची मजबूत जाळी आणली. तिची खालची कड बाहेरच्या बाजूला वळवून जमिनीत पुरली, म्हणजे उकरून कोणी आत येऊ नये. फटी बुजवल्या, दाराला दोन कड्या आल्या. अंडी आता सकाळी आणि दुपारी अशी दोनदा उचलतात. मी पुन्हा माझ्या खोक्यात आले आहे. रंगांचे कोडे मला अजून पुरते उलगडलेले नाही. बिट्टीने तर नवाच शोध लावला आहे. पांढरीच्या कानाची पाळी पांढरी, म्हणून अंडे पांढरे, आणि तांबडीची लाल, म्हणून अंडे चहाच्या रंगाचे. पण करडीची पाळीही लालच आहे! मग अंडे निळे का? तुम्हांला कळले तर मलाही सांगा.

जाळी बसवली त्याच्या दुसऱ्या दिवशी बाईंनी भर दुपारी मशीन थांबवले आणि खुराड्याबाहेर स्टुलावर येऊन बसल्या. करडी आली, घुटमळली, खोक्यात शिरली. तिने पुष्कळ वेळ लावला. बाई हलल्या नाहीत. ती उठल्यावर बाईंनी आत हात घातला आणि ते ओलसर निळे अंडे तळहातावर घेतले. "रोज घालत होतीस गं तू," त्या म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसले.

मित्रांनो, तुमच्याकडे कोंबड्या असतील तर जाळी बारीक लावा, कड्या घट्ट लावा, अंडी वेळच्या वेळी उचला. आणि कोंबड्या नसतील तरी माझे एवढे ऐका. कुणाचे खोके रिकामे दिसले, तर त्याला कामचुकार म्हणायच्या आधी एकदा दुपारी येऊन बसा.