वरातीचा वेग

भायखळ्यातल्या धनेशच्या गॅरेजात उन्मेषच्या मामांची जुनी अमेरिकन गाडी बॉनेट उघडून उभी होती. गिरगावची नूपुर, फिजिक्सची एमएस्सी, वर्षभर दर शनिवारी इथे येत होती. कॉलेजातला मित्र उन्मेष आणि ती मिळून हे आठ सिलिंडरचं इंजिन घाटावरच्या धावपट्टीवरच्या शर्यतीसाठी तयार करत होते. शर्यत संपली की उन्मेषला मनातलं सांगून टाकायचं, एवढं तिनं स्वतःशी ठरवून टाकलं होतं.

आज कार्ब्युरेटर आणि इंजिनाची ताकद चाकांकडे नेणारा टॉर्क कन्व्हर्टर कुठला घ्यायचा, ते पक्कं करायचं होतं.

"मोठा कार्ब्युरेटर. आणि कन्व्हर्टर तीन हजार आरपीएमला पकडणारा," नूपुर म्हणाली. "इंजिन आधी जोरात फिरेल, मग गाडी जी सुटेल!"

"आणि हळू चालवली तर?" उन्मेषनं विचारलं.

"किती हळू?"

"म्हणजे... लालबागमधून, बँजो पार्टीच्या मागे. पुढे पब्लिक नाचतंय, त्या स्पीडनं."

"वरात काढतोयस की काय?"

"हो ना. लग्नात हीच गाडी न्यायची."

त्याचे कान लाल झाले होते. हा आपल्यालाच विचारतोय, असं नूपुरला वाटलं. हा पहिल्यापासून असाच, आडून आडून बोलणारा. तिनं हातातल्या मळक्या फडक्याची उगाचच घडी घातली.

"मागे कोण कोण बसणार?"

"मी आणि रुपाली. करी रोडची. आईच्या ओळखीतली आहे. गेल्या आठवड्यात साखरपुडा झाला. घरच्या घरीच गं, घाईत. तुला समोरासमोर सांगायचं होतं."

धनेश इंजिनात डोकं घालून न पडलेला नट शोधू लागला. साखरपुड्याचं त्याला आधीच कळलेलं होतं.

"मग तीन हजारवाला नको," नूपुर म्हणाली. तोंडी परीक्षेत बोलावं तसा तिचा आवाज सरळ निघाला. "कन्व्हर्टरमध्ये तेलात समोरासमोर दोन चक्रं असतात. इंजिनाकडचं गरगरत राहील, चाकांकडचं रेंगाळेल, आणि सगळी ताकद तेल तापवण्यात जाईल. लवकर पकडणारा घे. कार्ब्युरेटरही लहान, नाहीतर कमी वेगात इंजिन अडखळेल."

"आणि शर्यत?" धनेशनं आतूनच विचारलं.

"जाऊ दे रे. रुपालीला भीती वाटते." उन्मेष नूपुरकडे वळला. "तू पुढे ड्रायव्हरशेजारी बसशील ना? तेलाचं टेंपरेचर बघायला. तू असलीस की मला टेन्शनच नाही."

तापमानाच्या काट्यावर नजर ठेवून बसलेली ती तिला स्वतःला दिसली. वरच्या आरशात हार घातलेली दोघं.

"धनेश, तेल थंड ठेवायला वेगळा ऑइल कूलर लाव. पुढच्या जाळीमागे."

"अगं, तू असताना कूलर कशाला?" उन्मेष हसला.

"मोठा लाव, पंख्यासकट. मग कुणाला बघत बसावं लागणार नाही."

ती मागच्या नळावर गेली आणि हात धूत राहिली. बराच वेळ झाला तरी ती वळेना, तेव्हा धनेशनं जवळ येऊन नळ पूर्ण सोडला, उन्मेषला पाण्याशिवाय दुसरं काही ऐकू जाऊ नये इतका.