दिराच्या झाडाची सहा पानं

"पानं किती बांधली होतीत, आजी?" मार्लेनी नर्सने पुन्हा विचारलं.

"सहा. कायम सहाच बांधते," पास्तोरा म्हणाली.

आरोग्य केंद्राच्या खाटेवर तिचा नवरा फ्लोरेंतिनो हवेतले मक्याचे दाणे वेचत होता. चेहरा लालबुंद, ओठ कोरडे ठाक, डोळ्यांत नुसत्या मोठाल्या काळ्या बाहुल्या.

पास्तोराच्या हाताला गुण आहे असं सिबुंदोयचं सगळं खोरं म्हणे, आणि ते खोटं नव्हतं. धोतऱ्याच्या जातीतलं बोराचेरोचं झाड चाळीस वर्षं तिच्या अंगणात होतं. पानांना चरबी लावून ती शेकायची, दुखऱ्या गुडघ्यावर बांधायची. पोटात मात्र कणभरही जाऊ द्यायचं नाही. इथे प्रत्येक घराच्या झाडाचा जोर वेगळा, आणि त्याचं माप त्या घरालाच ठाऊक. गेल्या महिन्यात रस्ता रुंद करणाऱ्यांनी तिचं झाड मुळासकट उपटलं. काल फ्लोरेंतिनोचे गुडघे फारच ठणकायला लागले, तेव्हा तिने दिराच्या कुंपणातली पानं तोडून आणली. फूल तसंच, वासही तोच. दिराला माप विचारायला हवं होतं. पण सगळ्या खोऱ्याला माप सांगणारी बाई दिराला कशाला विचारेल? गर्व नडला तिला, दुसरं काही नाही.

मार्लेनीने त्याचे पाय धुऊन सलाईन लावलं होतं. उतारा शहरातच मिळणार होता, आणि तिकडून गाडी निघाली होती. विष उतरतं, ती म्हणाली, पण सत्तरीचं काळीज तोवर टिकायला हवं. पास्तोराने त्याच्या छातीवर हात ठेवला. आतली धडधड तिच्या तळव्याला झेपेना. दुसऱ्या कुणाचा नवरा असता तर तिने दहा उपाय सांगितले असते. आता एकही आठवेना.

फ्लोरेंतिनोने तिचा हात धरला आणि परक्या बाईशी बोलावं तसा अदबीने बोलू लागला.

"बाई, एवढं एक काम करा. माझ्या बायकोला बोलवा. ही पोरगी चांगलीय, पण हिला पानांतलं काही कळत नाही. पास्तोराला कळतं. ती आली की बघा, मी उठून बसतो."



"निरोप धाडलाय," पास्तोरा म्हणाली.

"मग थांबतो," तो म्हणाला, आणि मान उचलून दाराकडे बघत राहिला.

त्याला दार नीट दिसावं म्हणून ती जरा बाजूला सरकली.